पुलाखालून पाणी वाहेना : प्रवाह निम्मा, गेजचा काटा मात्र जागच्या जागी

बुडबुडेश्वर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

घरच्या तरणतलावाचं दुखणं घेऊन आलोय. यापुढे नुसतं 'पूल' लिहितो. 'पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं' हा विनोद शीर्षकात मीच करून टाकलाय, तेव्हा तो कोणी परत करू नये.

पूल ८ मीटर बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४, म्हणजे साधारण ४५,००० लिटर. एक एचपीचा सिंगल फेज पंप, ६०० मिमी व्यासाचा वाळूचा फिल्टर, वर सहा स्थितींचा मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारा). एक स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढणारं तोंड), तळाला जोडनाला (एकमेकांना जोडलेले दोन नाले), भिंतीत दोन रिटर्न (गाळलेलं पाणी परत सोडणारी तोंडं). पंपघर पाण्याच्या पातळीच्या खाली आहे. वाळू दोन वर्षांची.

तीन आठवड्यांपासून रिटर्नचा जोर गेलाय. आधी मुलांचा चेंडू रिटर्नसमोर सोडला की झोतानं थेट मध्यापर्यंत जायचा. आता तिथल्या तिथे डुलत बसतो. पंप नेहमीसारखाच चालतो, आवाजात फरक नाही. आणि गेज (फिल्टरवरचा दाबमापक) ०.७ बार दाखवतंय. फिल्टर बसवला त्या दिवशीही ०.७ च होतं, मी मार्करनं खूण करून ठेवलीये.

दोनदा बॅकवॉश केला (उलटं पाणी सोडून वाळू धुतली), फरक शून्य. स्किमरची बास्केट साफ, पंपाची त्याहून साफ. प्लंबर म्हणतो वाळू बदला. शेजारचे काका म्हणतात पंप मोठा घ्या. खर्चात पडण्याआधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हटलं.

---

नळदमयंती

गेज अडकलंय. या गेजांचा काटा एकदा गंजला की जन्मभर एकच आकडा दाखवतो. पंप बंद करून बघा, शून्यावर येतो का.

---

तळ्यात_मळ्यात

चेंडू डुलतोय म्हणजे खूश आहे, राहू द्या की त्याला.

---

वाळूचा_किल्ला

प्लंबर बरोबर सांगतोय. आमच्याकडे हेच झालं होतं. वाळू वरून दिसायला छान, पण हात घातला तर आत मुठीएवढे गोळे. अंगाला लावलेली क्रीमं, तेल, घाम, सगळं वाळूत बसतं आणि तिची ढेकळं होतात. मग पाणी त्या ढेकळांच्या बाजूनं वाट काढतं. वाळू बदलली, दुसऱ्या दिवशी पूल पहिल्यासारखा. विचार करत बसू नका.

---

नळदमयंती

@वाळूचा_किल्ला, तुमची वाळू किती वर्षांची होती?

---

वाळूचा_किल्ला

सात.

---

नळदमयंती

आणि यांची दोन. वाळू नीट वापरली तर पाच ते सात वर्षं सहज जाते. दोन वर्षांत ढेकळं व्हायला पुलात पोहायच्या ऐवजी भजनी मंडळ तेल लावून बसवावं लागेल.

---

बुडबुडेश्वर

@नळदमयंती, बघितलं. पंप बंद केला की काटा शून्यावर येतो, सुरू केला की चढत चढत ०.७ वर थांबतो. गेज जिवंत आहे.

---

अर्धाशक्ती

मग पंप थकलाय. दीड एचपीचा टाका आणि विषय संपवा. एवढ्या मोठ्या पुलाला एक एचपी म्हणजे बैलगाडीला शेळी.

---

गाळसम्राज्ञी

अर्धाशक्ती, नावाप्रमाणेच अर्धं बोललात, राग मानू नका.

मी चौदा वर्षं पूल सांभाळायचं काम करते. 'पंप मोठा घ्या' हा सल्ला जिथे जिथे ऐकला गेला, तिथे तिथे मला परत बोलावणं आलंय. ४५,००० लिटर पाणी सहा तासांत एकदा फिरवायचं तर ताशी साडेसात हजार लिटर पुरतात. धडधाकट एक एचपीचा पंप ते आरामात देतो. पंप कमी पडत असता तर पहिल्या दिवसापासून पडला असता, तीन आठवड्यांपूर्वी अचानक नाही.

दुसरं म्हणजे, पाण्याची वाट जिथे अडली आहे तिथे मोठा पंप लावलात तर तो जास्त ओढतो, पण पाणी तेवढं येत नाही. मग सक्शनमध्ये (पंपाच्या ओढीच्या बाजूला) पोकळी तयार होते, पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होतात आणि इंपेलरपाशी (पंपातल्या फिरत्या पात्यांपाशी) फुटतात. पंपात कुणी खडी टाकल्यासारखा आवाज येतो. त्यालाच कॅव्हिटेशन म्हणतात आणि त्यात इंपेलर खाल्ला जातो. वर, फिल्टर ६०० चाच राहिला तर जादा वेगानं पाणी वाळूतून मळ घेऊन पलीकडे जातं. म्हणजे वीजही जास्त आणि पाणीही गढूळ.

बुडबुडेश्वर, आता एवढं सांगा :
पंपाच्या पारदर्शक झाकणातून आत बघितल्यावर भांडं पाण्यानं गच्च भरलेलं दिसतं की वर हवा दिसते? रिटर्नमधून बुडबुडे येतात का? मल्टीपोर्ट 'फिल्टर'वर असताना वेस्टच्या (गटारात जाणाऱ्या) पाइपातून पाणी गळतं का?

---

पाणकावळा

यात माझीही भर. स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत पाणी आहे ना? आमच्याकडे उन्हात पातळी चार बोटं उतरली आणि स्किमर पाण्याबरोबर हवा ओढायला लागला. आम्ही दोन दिवस पंप उघडून बसलो होतो. शेवटी बागेची नळी सोडली आणि आजार बरा.

---

बुडबुडेश्वर

पातळी बरोबर निम्म्यावर. झाकणातून भांडं गच्च भरलेलं दिसतं, हवा नाही. रिटर्नला बुडबुडे नाहीत (माझं नाव सोडलं तर). वेस्टचा पाइप कोरडा ठणठणीत.

---

ओरिंगजेब

अरेरे, माझा विषय गेला. मी झाकणाच्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) लिहायला आलो होतो.

तरी इतरांच्या उपयोगासाठी : सक्शनच्या बाजूला गळती असेल तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे जमीन कोरडी बघून 'गळती नाही' म्हणू नये. संशय असलेल्या सांध्यावर दाढीच्या साबणाचा फेस लावा, जिथे फेस आत ओढला जाईल ती जागा. आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. पेट्रोलियम जेलीनं रबर फुगतं, हे मी स्वतः तीन ओ-रिंगांचा बळी देऊन शिकलोय.

---

शब्दवेडी

अवांतर : या सगळ्या वस्तूंना मराठी शब्द का नसावेत? बॅकवॉशला 'उलटधुणं' छान होईल. स्किमरला काय म्हणाल?

---

तळ्यात_मळ्यात

सायकाढ्या.

---

शब्दवेडी

हे इतकं चपखल आहे की मी आजपासून वापरणार!

---

गाळसम्राज्ञी

माझ्या हाताखालची पोरं इंपेलरला 'पंखा' म्हणतात आणि मल्टीपोर्टला 'घड्याळ'. 'घड्याळ वेस्टवर लाव' असं ओरडलं की गिऱ्हाईक मनगटाकडे बघतं.

घड्याळाचा विषय निघालाय तर सांगते. पंप चालू असताना मल्टीपोर्टचा दांडा कधीही फिरवू नका. आतली चांदणीसारखी गॅस्केट दाबाखाली मुरगळते, आणि मग पाणी परत पुलात जायच्या ऐवजी थोडं थोडं गटारात जात राहतं. 'प्रवाह कमी झाला'च्या तक्रारीत हे कारण बरेचदा सापडतं, म्हणूनच वेस्टच्या पाइपाचं विचारलं.

---

तीनफेरे

आमचा किस्सा. वायरिंगचं काम झालं आणि दुसऱ्या दिवसापासून पूल मरगळला. सगळं उघडलं, सगळं साफ. आठ दिवसांनी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियननं मोटारीच्या मागच्या पंख्याकडे बघितलं आणि हसायला लागला. तीन फेजपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली होती, मोटार उलटी फिरत होती. गंमत अशी की उलटा फिरला तरी असा पंप पाणी पुढेच ढकलतो, फक्त रडतखडत. मागे ढकलला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

---

नळदमयंती

किस्सा भारी आहे, पण यांचा सिंगल फेज. तिथे वायरी अदलूनबदलून मोटार उलटी होत नाही.

---

मंदगती

आमची मोटार वेग कमीजास्त होणारी. 'पाणी येत नाही' म्हणून महिनाभर बोंब. शेवटी कळलं, चिरंजीवांनी विजेची बचत म्हणून वेग निम्म्यावर आणून ठेवला होता. त्याचं म्हणणं, वेग निम्मा केला की पाणी निम्मं पण वीज जवळजवळ आठवा हिस्सा. गणित बरोबर होतं, त्यामुळे ओरडताही येईना.

---

पारा_चढला

सगळे प्रतिसाद वाचले. एका गोष्टीवरून सगळे पुढे निघून गेलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

धागाकर्ता म्हणतो, 'गेज ०.७, म्हणजे नेहमीसारखं.' सगळ्यांनी हे 'फिल्टर ठीक आहे' असं वाचलं. मला तर या धाग्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट हीच वाटते.

गेज फिल्टरच्या डोक्यावर असतं. ते काय मोजतं? पंपानं ढकललेल्या पाण्याला पुढे वाळूतून आणि रिटर्नच्या पाइपातून जाताना किती अडथळा होतोय, ते. पाणी कमी वाहायला लागलं आणि पुढची वाट पहिल्याइतकीच मोकळी असली, तर दाब उतरायला हवा. नळ बारीक केला की बागेच्या नळीतला जोर जातो तसं. यांचं पाणी निम्म्यावर आलंय आणि दाब मात्र जैसे थे. म्हणजे पुढची वाट अडलीये.

बरं, फक्त पुढची वाट अडली असती तर काय झालं असतं? पंप तोच, ताकद तीच, पाणी कमी जातंय, तर दाब चढला असता. असे पंप कमी पाणी देताना जास्त दाब देतात, हा त्यांचा स्वभावच आहे. तोही चढलेला नाही. म्हणजे मागेही काहीतरी बिघडलंय, पंपाची ढकलायची ताकदच कमी झालीये.

दोन बिघाड आहेत. एक काटा वर ढकलतोय, दुसरा खाली ओढतोय, आणि योगायोगानं तो तुमच्या खुणेवरच थांबलाय.

---

वाळूचा_किल्ला

एकाच वेळी दोन बिघाड? साप आणि विंचू एकाच बिळात? काहीही!

---

पारा_चढला

एकातून दुसरा निघाला असेल तर 'काहीही' नाही. ते पुढे बघू. आधी मोजून घ्या.

बुडबुडेश्वर, पूल आयताकृती आहे ना? मग प्रवाह मोजायला मीटर लागत नाही. ८ गुणिले ४ म्हणजे ३२ चौरस मीटर. पातळी एक सेंटिमीटर उतरली की ३२० लिटर गेले. पूल थोडा वरपर्यंत भरून घ्या, स्किमरच्या आत पट्टी चिकटवा (तिथे लाटा कमी असतात), पंप बंद करून घड्याळ 'वेस्ट'वर लावा आणि बरोबर दहा मिनिटं चालवा. वेस्टवर पाणी वाळूतून जातच नाही. तेव्हा जो आकडा येईल तो निव्वळ पंपाचा आणि सक्शनचा. नंतर घड्याळ 'रीसर्क्युलेट'वर लावून चेंडूही सोडून बघा, त्यातही वाळू वगळली जाते.

---

नळदमयंती

पारा_चढला, _/\_. वाचनखूण साठवली.

---

बुडबुडेश्वर

मोजलं.

वेस्टवर दहा मिनिटांत अडीच सेंटिमीटर उतरलं. म्हणजे ८०० लिटर, मिनिटाला ८०, ताशी ४,८००. पंपावरच्या पाटीवर ताशी १४,००० लिहिलंय!

रीसर्क्युलेटवर चेंडू थोडा पुढे गेला, पण मध्यापर्यंत नाही.

---

पारा_चढला

पाटीवरचा आकडा सोडा, तो सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला असतो. पण वेस्टवर तुमच्या पंपानं दहा-बारा हजार तरी द्यायला हवेत. ४,८०० म्हणजे वाळूचा संबंधच नसताना निम्मं पाणी गायब. आणि वाळू वगळल्यावर चेंडू थोडा पुढे गेला, म्हणजे वाळूही अडवतेय. दोन्ही साक्षीदार आले.

---

गाळसम्राज्ञी

पारा_चढला, उद्यापासून कामाला या माझ्याकडे.

आता मागची बाजू. भांडं गच्च भरलंय, हवा नाही, आवाज तोच. स्किमरचा किंवा तळाचा पाइप तुंबला असता तर पंप उपाशी राहून कुरकुरला असता, भांड्यात हवा दिसली असती. तरी खात्री करून घ्या. आधी तळाचा व्हॉल्व्ह बंद करून नुसता स्किमर चालवा, मग उलट. ज्या बाजूला पंप धापा टाकेल ती बाजू तुंबलेली.

आणि हे वाचल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नका : ही चाचणी करताना पाण्यात कुणीही नको. स्किमर बंद केला की सगळी ओढ तळाच्या जाळीवर येते. जाळी तुटकी असेल किंवा नाला एकच असेल तर केस, हात, पाठ अडकून राहते आणि मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. यांच्याकडे जोडनाला आहे ते चांगलं, तरी मुलांना बाहेर काढा.

---

बुडबुडेश्वर

मुलं शाळेत असताना केलं. दोन्ही बाजूंनी सारखंच मंद, पण पंप कुठेच धापा टाकत नाही. भांडं भरलेलंच.

---

गाळसम्राज्ञी

मग पंखा. इंपेलरच्या पात्यांमधल्या फटी जेमतेम करंगळीएवढ्या असतात. त्यात चार देठ आडवे बसले की झालं. मोटार मजेत फिरते, आवाज तोच, पाणी निम्मं.

एक सांगा, पंपाची बास्केट 'त्याहून साफ' म्हणालात. किती दिवसांपासून साफ आहे?

---

बुडबुडेश्वर

महिनाभर तरी. उघडली की रिकामीच. मी खूश होतो, म्हटलं स्किमरच सगळं अडवतोय.

---

गाळसम्राज्ञी

महिनाभर रिकामी बास्केट! बाहेर काढून उजेडात धरा. तळाच्या शिवणीला बोट लावून बघा.

---

बुडबुडेश्वर

…

तळाला चीर आहे. माझं बोट आरपार जातंय.

---

तळ्यात_मळ्यात

पाहुणे यायचे थांबले नव्हते, मागच्या दारानं आत जात होते.

---

अर्धाशक्ती

माझे शब्द मागे. पंप थकलेला नाही, तोंडात बोळा आहे.

---

गाळसम्राज्ञी

काढायची पद्धत सांगते. मुख्य एमसीबी (विजेचा मुख्य खटका) पाडा, नुसता टायमर बंद करून भागत नाही, तो मध्येच सुरू होतो आणि आत तुमची बोटं असतात. तुमचं पंपघर पातळीच्या खाली आहे, म्हणून सक्शन आणि रिटर्न दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा. हे विसरलात तर झाकण उघडताच पूल पंपघरात येईल. (मी नवीन असताना आणलाय.) फिल्टरच्या वरचा हवा सोडायचा बोल्ट सैल करून दाब उतरवा. पंपाखालचा बूच काढा, झाकण आणि बास्केट काढा. भांड्याच्या मागच्या भिंतीत भोक असतं, त्यातून दोन बोटं जातात. टोकाशी वाकवलेली जाड तार घालून पात्यांमधून ओढत राहा, मध्ये मध्ये शाफ्ट फिरवा. तारेनं नाही निघालं तर मोटारीचे बोल्ट काढून ती मागे ओढायची, इंपेलर तिच्याबरोबर बाहेर येतो. तेव्हा मागच्या मेकॅनिकल सीलच्या गुळगुळीत तोंडाला तेलकट हात लावू नका.

परत जोडल्यावर भांडं पाण्यानं भरल्याशिवाय पंप सुरू करू नका, कोरडा चालला तर सील जळतो.

---

वाळूचा_किल्ला

ठीक आहे, पंखा मान्य. पण वाळूही अडवतेय हे पारा_चढला यांनीच म्हटलंय. मग मीही निम्मा बरोबर! दोन वर्षांत वाळू का तुंबली?

---

पारा_चढला

रास्त प्रश्न. बुडबुडेश्वर, हे सुरू व्हायच्या आधी पाण्यात काही टाकलं होतंत का?

---

बुडबुडेश्वर

हं. पाणी गढूळ झालं होतं, तेव्हा तुरटी टाकली होती. दोन दिवसांत नितळ झालं, म्हणून मुद्दाम सांगितलं नाही.

---

नळदमयंती

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं हो!

---

गाळसम्राज्ञी

तुरटी टाकून पंप फिल्टरवरच चालू ठेवला होतात ना?

---

बुडबुडेश्वर

हो… रात्रभर.

---

गाळसम्राज्ञी

तुरटीनं मळाचे चिकट, जेलीसारखे गोळे होतात. ते तळाला बसू द्यायचे, पंप बंद ठेवायचा, आणि सकाळी व्हॅक्यूमनं थेट वेस्टवर काढून टाकायचे. फिल्टरवर चालवलंत की ती जेली वाळूच्या वरच्या थरावर सायीसारखी बसते.

---

पाणकावळा

थोडा असहमत. मोठ्या सार्वजनिक तलावांत असं रसायन रोज थेंब थेंब फिल्टरच्या आधी सोडतातच, वाळूनं बारीक कण धरावेत म्हणून.

---

गाळसम्राज्ञी

बरोबर, पण तिथे मात्रा मोजून देणारा पंप असतो आणि बॅकवॉश ठरल्या वेळी होतो. इथे एकदम किती टाकली?

---

बुडबुडेश्वर

अंदाजानं.

---

तळ्यात_मळ्यात

'अंदाजानं' हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं माप.

---

ओरिंगजेब

पण त्यांनी दोनदा बॅकवॉश केला होता ना? तेव्हा का निघाली नाही ती साय?

---

पारा_चढला

इथेच साप आणि विंचवाचं नातं आहे.

उलटधुण्यात (शब्दवेडी, आभार) पाणी खालून वर जातं, वाळू उचलली जाते, फुगते, कण एकमेकांवर घासतात आणि मळ सुटून बाहेर जातो. त्यासाठी पाण्याला वेग लागतो, ताशी ३५ ते ४० मीटरच्या आसपास. ६०० मिमी व्यासाच्या फिल्टरचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर, म्हणजे ताशी दहा हजार लिटर तरी हवेत. यांचा पंप वेस्टवर ४,८०० देतोय, वेग १७ मीटर. त्यात वाळू उचललीच जात नाही, पाणी नुसतं तिच्यातून झिरपून बाहेर येतं. बॅकवॉश केल्याचं समाधान तेवढं मिळतं.

पंखा तुंबला म्हणून बॅकवॉश लागला नाही, बॅकवॉश लागला नाही म्हणून तुरटीची साय वाळूवरच राहिली. त्यामुळे क्रमही ठरला. आधी पंप, मग फिल्टर. नवी वाळू आणून याच पंपावर चालवली असती तर तीही थोड्या दिवसांत तशीच झाली असती.

माझा अंदाज : पंखा साफ केल्यावर गेज चढेल. घाबरू नका.

---

वाळूचा_किल्ला

बरं, बरं. मग फिल्टरचं वरचं झाकण उघडून नळीनं वाळू ढवळली तर लवकर काम होईल ना? माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे, हवेनं तर आणखी छान.

---

गाळसम्राज्ञी

नाही. हवा कधीच नाही. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि दाबलेल्या हवेवरचं झाकण बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. फिल्टर जोडलेला असताना पाइपांतही कॉम्प्रेसरची हवा मारू नका. उघडायचंच तर पंप एमसीबीवरून बंद, वरचा बोल्ट सैल, गेज शून्य, मगच क्लॅम्पला हात. पण यांना उघडायची गरज पडेल असं मला वाटत नाही.

---

बुडबुडेश्वर

झालं! सगळं क्रमानं लिहितो.

तारेनं निम्मं निघालं, निम्म्यासाठी मोटार मागे ओढावी लागली. आतून काय काय निघालं : देठांचा जुडगा, स्पंजच्या चेंडूचा एक लचका, दोन बिया, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारं केसांचं एक रबर. रबर घरातलं कुणीच आपलं म्हणायला तयार नाही.

नवी बास्केट टाकली. भांडं भरून पंप सुरू केला, 'फिल्टर'वर. गेज १.३! पारा_चढला यांनी आधीच सांगितलं नसतं तर मी तिथेच पंप बंद करून प्लंबरला फोन लावला असता.

पंप बंद, घड्याळ बॅकवॉशवर, सुरू. मल्टीपोर्टवरच्या काचेच्या डोळ्यातून आधी स्वच्छ, मग एकदम दुधासारखं पांढरट पाणी आलं. असं पाणी आधीच्या दोन बॅकवॉशना आलंच नव्हतं. चार मिनिटांनी निवळलं. अर्धा मिनिट रिन्स (सरळ दिशेनं पाणी सोडून ते वेस्टला). परत बॅकवॉश, परत पांढरं, पण कमी. तिसऱ्यांदा जवळजवळ स्वच्छ. पातळी बरीच उतरली, नळी लावून भरून घेतली.

आता फिल्टरवर गेज पाऊण बारच्या किंचित खाली, म्हणजे खुणेला खेटून. वेस्टवर परत मोजलं : आठ मिनिटांत पाच सेंटिमीटर. ताशी १२,०००.

---

पारा_चढला

सुंदर. आता मार्करच्या खुणेशेजारी दुसरी खूण करा, ०.५ बार जास्तवर, म्हणजे १.२ ला. काटा तिथे गेला की बॅकवॉश, त्याआधी नको. अगदी स्वच्छ वाळूपेक्षा थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले धरते. आणि महिन्यातून एकदा ती पट्टीची चाचणी करत जा. काटा आपल्याला फसवू शकतो, पातळी आणि घड्याळ मिळून नाही फसवणार.

---

वाळूचा_किल्ला

अभिनंदन. माझ्याकडे आणलेली वाळूची एक पिशवी जास्तीची आहे, कुणाला हवी असल्यास सांगा.

---

शब्दवेडी

पण चेंडूचं काय झालं? मुख्य प्रश्न तोच होता.

---

बुडबुडेश्वर

चेंडू मध्यापर्यंत गेला. मग उजवीकडच्या रिटर्नचा झोत लागला, वळला आणि थेट सायकाढ्यात जाऊन अडकला.

---

मंदगती

हा धागा वाचून मीही पंपघरात जाऊन आलो. आमचं गेज पाच वर्षं ०.८ वर आहे, एकदाही हललं नाही. वेग निम्मा असतानाही ०.८ च होतं. आत्ता पंप बंद केला, तरी ०.८.

---

नळदमयंती

नवीन धागा काढा.